दहा-पंधरा हजारांतला पहिला फोन: आधी ब्रँडांची चढाओढ समजून घ्या, मग पैसे मोजा

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी चार वर्षं मोबाइलच्या दुकानात काउंटरवर उभा राहिलो. "दहा हजारांत चांगला कुठला ते दाखवा," हे वाक्य दिवसातून वीस वेळा कानावर पडायचं. बोलणारा कधी मुलीला कॉलेजात घातलेला शेतकरी असायचा, कधी अंगणवाडीतल्या ताई, कधी पहिला पगार हातात आलेला पोरगा. मी त्यांच्या गरजेचाच फोन काढून देतोय असं त्यांना वाटायचं. पण त्या आठवड्यात ज्या मॉडेलवर कंपनीकडून दुकानाला जास्तीच्या कमाईची स्कीम असायची, तेच मी बऱ्याचदा पुढे करायचो. आठ महिन्यांनी तोच माणूस परत यायचा, "फोन हँग होतोय, मेमरी फुल दाखवतोय" म्हणत, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. त्याची टोचणी अजून आहे. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, पहिल्यांदा स्मार्टफोन घेणाऱ्यांसाठी आणि गावाकडे आईवडिलांना घेऊन देणाऱ्यांसाठी.

"हाच घ्या" असं एकही मॉडेल सांगणार नाही. मॉडेलं दर तीन-चार महिन्यांनी बदलतात, तो सल्ला लगेच शिळा होतो. बदलत नाही ती कंपन्यांची पैसे कमावायची रीत. एप्रिल २०१८ मध्ये शाओमीने जाहीर केलं होतं, की हार्डवेअरवरचा निव्वळ नफा आम्ही पाच टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही. दहा हजारांच्या फोनला हा हिशोब लावला तर पाचशे रुपये होतात. बाकीच्यांनी असं लिहून दिलेलं नाही, पण शेजारच्या काचेत तसाच फोन हजार रुपयांनी स्वस्त ठेवलेला असताना कुणालाच भाव वाढवता येत नाही. मग उरलेले पैसे कंपनी दुसरीकडून काढते. कुणी फोनमधल्या जाहिरातींतून काढते, कुणी आतली चिप जुनी ठेवून, कुणी स्टोरेज हळू प्रतीचं घालून, कुणी दोन वर्षांत अपडेट थांबवून. फोन निवडायचा म्हणजे ही कंपनी माझ्याकडून कुठे वसूल करणार आहे आणि ते मला चालणार आहे का, एवढंच पाहायचं.

आधी थोडा इतिहास, कारण तो उपयोगाचा आहे

मायक्रोमॅक्स २००८ साली हँडसेटच्या धंद्यात उतरली ती एका चार्जवर महिनाभर चालेल असं सांगितलेला एक्स१आय फोन घेऊन. आपल्याकडे ती भारनियमनाची वर्षं होती, गावात वीज कधी येईल याचा नेम नसायचा. गिऱ्हाइकाची नेमकी अडचण ओळखून काढलेला असा फोन मी नंतर फार थोड्या वेळा पाहिला. पुढे कॅनव्हास मालिका आली, आणि २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत कॅनालिस या संस्थेच्या मोजणीत मायक्रोमॅक्सने भारतात सॅमसंगलाही मागे टाकलं. लावा, कार्बन, इंटेक्सही जोरात होत्या.

त्याच वर्षी जुलैमध्ये शाओमी आली. मी ३ हा फोन १३,९९९ रुपयांना, फक्त फ्लिपकार्टवर, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी. दुकानदाराचं मार्जिन नाही, टीव्हीवर जाहिरात नाही, आणि माल काही सेकंदांत संपायचा. सप्टेंबरमध्ये रेडमी १एस ५,९९९ ला आला. आमच्या दुकानात पोरं यायची ती फक्त सायबर कॅफे कुठे आहे ते विचारायला.

देशी कंपन्यांना खरा फटका बसला तो ५ सप्टेंबर २०१६ ला. जिओ सुरू झालं आणि ते फक्त ४जी होतं. ज्यांच्या गोदामात ३जी फोनांच्या पेट्या रचलेल्या होत्या त्यांचा माल रातोरात जुना झाला. दोन महिन्यांत नोटाबंदी आली आणि रोखीवर चालणारी छोटी दुकानं थंडावली. नेमक्या त्या काळात ओप्पो आणि विवो पैसा ओतत होत्या. गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या एकामागून एक हिरव्या आणि निळ्या झाल्या. ओप्पोने २०१७ मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीसाठी पाच वर्षांचे १,०७९ कोटी कबूल केले, विवोने आयपीएलच्या नावासाठी २०१८ ते २०२२ चे २,१९९ कोटी. २०१७ च्या अखेरच्या तिमाहीत शाओमी देशात पहिली झाली. २०१८ च्या मे महिन्यात ओप्पोच्या छत्राखाली रियलमी आली, थेट रेडमीच्या गिऱ्हाइकावर नेम धरून. जानेवारी २०१९ मध्ये सॅमसंगने ऑनलाइनसाठी एम मालिका काढली, सुरुवात ७,९९० रुपयांपासून. २०२४ सालात पहिला क्रमांक विवोकडे होता.

यातून दोन प्रकारची चढाओढ दिसते. एक ऑनलाइनची: तिथे आकडे लढतात, मोठी रॅम, मोठा कॅमेरा, कमी भाव. दुसरी काउंटरवरची: तिथे पाट्या, क्रिकेट, दुकानात उभा असलेला कंपनीचा माणूस म्हणजे प्रमोटर आणि दुकानदाराची स्कीम लढते. पहिल्या प्रकारच्या फोनात पैसे बहुधा आकड्यांवर खर्च झालेले असतात, दुसऱ्यात दिसण्यावर, सेल्फीवर आणि विक्रीच्या साखळीवर. दोन्ही घेता येतात, पण आपण कुठला घेतोय ते माहीत असावं.

पायरी १: फोन कुणासाठी, ते कागदावर लिहा

दोन ओळी पुरतात. "आईसाठी. व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, व्हिडिओ कॉल, पैसे पाठवणं. दिवसभर शेतावर असते." एवढं लिहिलं की उन्हात दिसणारी स्क्रीन, मोठा आवाज, बॅटरी आणि जवळचं सर्व्हिस सेंटर महत्त्वाचं ठरतं, आणि १०८ मेगापिक्सेल गळून पडतो. दुकानात जाताना हा कागद खिशात ठेवा. काउंटरवर भलतंच ऐकून मन फिरतं, माझ्यासमोर शेकडो लोकांचं फिरलेलं आहे.

पायरी २: घराणी ओळखा

काचेत दहा-बारा नावं दिसतात, पण घरं पाच-सहाच आहेत. रेडमी आणि पोको शाओमीच्या. ओप्पो, विवो, वनप्लस, रियलमी यांचं मूळ चीनमधल्या बीबीके या एकाच उद्योगात आहे, आणि आयकू विवोची. टेक्नो, इन्फिनिक्स, आयटेल या ट्रान्शन या चिनी कंपनीच्या, जिने आधी आफ्रिकेची बाजारपेठ जिंकली. सॅमसंग कोरियाची, लावा नोएडाची. मोटोरोला आता लेनोव्होकडे आहे.

हे कशासाठी कळायला हवं? कारण एकाच घरातून तोच फोन दोन नावांनी येतो. २०२१ मध्ये पोको एम३ प्रो ५जी आणि रेडमी नोट १०टी ५जी हे जवळजवळ जुळे भाऊ होते, पाठीचं झाकण वेगळं आणि विकायची जागा वेगळी. सॅमसंगची एम मालिका अ‍ॅमेझॉनसाठी सुरू झाली, एफ मालिका २०२० मध्ये फ्लिपकार्टसाठी. विवोच्या वाय मालिकेचे फोन दुकानात दिसतात, टी मालिकेचे फ्लिपकार्टवर. रियलमीचा नार्झो अ‍ॅमेझॉनवर. नावं वेगळी ठेवली की दुकानदार ऑनलाइनच्या भावाशी तुलना करून हुज्जत घालू शकत नाही, आणि ऑनलाइन कंपनीला "फक्त आमच्याकडे" असं लिहिता येतं. गिऱ्हाइकाने मात्र तुलना जरूर करावी. एखादा फोन आवडला की त्याची चिप, स्क्रीन आणि बॅटरी लिहून घ्या आणि त्याच घराण्यात त्याच तीन गोष्टींचा दुसरा फोन आहे का ते शोधा. हजार-दीड हजार वाचलेले मी पाहिले आहेत.

पायरी ३: डब्यावरचे आकडे, एकेक करून

इथे घाई करू नका. कंपन्यांची खरी लढाई याच आकड्यांवर चालते आणि फसगतही इथेच होते.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि स्टोरेज म्हणजे मागची कोठीची खोली. ओटा लहान असला की एक भांडं उचलल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही. डब्यावर "८ + ८ जीबी" लिहिलेलं दिसलं, तर पहिला आठच खरा ओटा. दुसरा आठ म्हणजे कोठीतला एक कोपरा ओटा म्हणून वापरायची सोय, त्याला व्हर्च्युअल रॅम म्हणतात. प्रत्येक भांड्यासाठी कोठीत चकरा मारून स्वयंपाक जितका भरभर होईल, तितकाच तिचा उपयोग. काही ठिकाणी तर "१६ जीबी रॅम" असं एकत्रच मोठ्या अक्षरांत छापतात. बारीक अक्षरं वाचा. आज चार जीबी खरी रॅम ही अगदी खालची पायरी आहे. सहा मिळाली तर फोन वर्षभर जास्त टिकतो असं माझं मत आहे.

स्टोरेज ६४ की १२८? शक्य असेल तर १२८ च. सिस्टिम आणि आधीची अ‍ॅप्स पंधरा-वीस जीबी गिळून बसलेली असतात, आणि आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी येणारे फुलांचे फोटो आणि कीर्तनाचे व्हिडिओ उरलेली जागा भरतात. "फोन स्लो झाला" म्हणून आलेल्या दहांपैकी सात-आठ जणांची कोठी भरलेली असायची, फोनात बिघाड काहीच नसायचा. मेमरी कार्डाची खाच आहे का पाहा, पण कार्डात फोटो जातात, अ‍ॅप्सचं ओझं फोनवरच राहतं.

आणखी एक गोष्ट, जी काउंटरवर कुणीही सांगत नाही: स्टोरेजची जात. ईएमएमसी आणि यूएफएस अशा दोन जाती आहेत. ईएमएमसी एका वेळी एकच काम करतं, वाचतं किंवा लिहितं. यूएफएस दोन्ही एकदम करतं. दोन फोनांवर "१२८ जीबी" सारखंच छापलेलं असेल आणि एकात ईएमएमसी, दुसऱ्यात यूएफएस २.२ असेल, तर वर्षभराने दोन्ही हातात घेऊन पाहा, फरक बोटाला कळतो. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात हे लिहिलेलं असतं. लिहिलेलंच नसेल, तर ईएमएमसी समजून चाला.

चिप म्हणजे फोनचा मेंदू. या किमतीत युनिसॉक, मीडियाटेक आणि क्वालकॉम ही तीन नावं भेटतात. नावात शिरायची गरज नाही, चिप किती बारीक कारागिरीची ते सांगणारा नॅनोमीटरचा आकडा विचारा. युनिसॉक टी६१२ किंवा मीडियाटेकची हेलिओ जी८५ या १२ नॅनोमीटरच्या, मीडियाटेकचीच डायमेन्सिटी ६३०० ही ६ ची, क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ४ जेन २ ही ४ ची. आकडा लहान तितकी चिप नवी, फोन कमी तापतो आणि बॅटरी जास्त पुरते. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात फोन वापरणाऱ्यांनी याकडे नीट पाहावं. बाहेर ४४ अंश असताना जुनी चिप आधी गरम होते, मग फोन स्वतःच मंद होतो.

कॅमेऱ्यावर लोक सगळ्यात जास्त भुलतात. पाठीवर तीन गोल दिसले तरी या किमतीत कामाचा एकच असतो. दुसरा बऱ्याचदा २ मेगापिक्सेलचा "डेप्थ" सेन्सर असतो, आणि काही फोनांत तिसरा गोल नुसता सजावटीचा. ५० मेगापिक्सेलचा फोन साधा फोटो साडेबारा मेगापिक्सेलचाच काढतो, कारण तो चार ठिपक्यांचा एक करतो. त्यामुळे आकड्यावर जाऊ नका. दुकानातल्या डेमो फोनने काचेमागच्या अंधाऱ्या कोपऱ्याचा फोटो काढा आणि मोठा करून पाहा. ट्यूबलाइटखाली हसऱ्या चेहऱ्याचा फोटो कुठलाही फोन चांगलाच काढतो.

स्क्रीनसाठी फोन दुकानाच्या पायरीवर, उन्हात न्या. दुकानदार नाही म्हणत नाही. बॅटरी बहुतेक सगळीकडे ५,००० एमएएच किंवा वर आहे, तिथे फार विचार नको. चार्जर डब्यात आहे का ते मात्र विचारा, सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत तो येत नाही आणि वेगळा घ्यावा लागतो.

पायरी ४: ५जी हवं असेल तर एक जास्तीचा प्रश्न

"५जी आहे ना?" एवढ्यावर थांबू नका. "एसए आणि एनएसए दोन्ही आहे का?" असं विचारा. भारतात ५जी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हा जिओने स्वतंत्र ५जी जाळं उभारलं, त्याला एसए म्हणतात. एअरटेलने आपल्या ४जीच्या पायावर ५जी चढवलं, ते एनएसए. एकदम स्वस्त ५जी फोन काढायच्या शर्यतीत काही फोनांतून एनएसए वगळलं गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ८,४९९ रुपयांपासून सुरू झालेला रेडमी ए४ ५जी हे त्याचं उदाहरण, तो फक्त एसए चालवतो आणि कंपनीने ते तपशिलात लिहिलेलंही होतं. जिओवाल्याला त्याने काही फरक पडला नाही. एनएसएवर असलेल्या एअरटेलवाल्याला मात्र ५जीचे पैसे देऊन ४जी मिळालं. आपलं सिम कुठलं, आपल्या गावात ५जी आहे का, हे आधी पाहा. गावात ५जी पोचलंच नसेल आणि फोन तीन वर्षंच वापरायचा असेल, तर तेवढ्या पैशांत जास्त स्टोरेज घेणं मला शहाणपणाचं वाटतं.

पायरी ५: अपडेट किती वर्षं?

बँकेची अ‍ॅप्स वापरणाऱ्याने सुरक्षा अपडेटची वर्षं विचारलीच पाहिजेत. इथे कंपन्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑक्टोबर २०२४ च्या गॅलॅक्सी ए१६ ५जीला सॅमसंगने सहा वर्षांचं वचन दिलं, तर याच बाजारात दोन वर्षांवर थांबणारे फोनही आहेत. मोजणी फोन बाजारात आल्या दिवसापासून होते, तुम्ही घेतल्यापासून नाही. म्हणून डब्यावरचा उत्पादनाचा महिना आणि मॉडेल कधी आलं ते दोन्ही पाहा.

पायरी ६: दुकान की ऑनलाइन

दुकानात शिरल्यावर तुमच्याशी गोड बोलायला जो पुढे येतो, तो बऱ्याचदा दुकानाचा नोकर नसतो. तो एका कंपनीचा प्रमोटर असतो, पगार आणि प्रत्येक फोनमागचा इन्सेन्टिव्ह त्याला कंपनी देते. माणसं चांगली असतात, उन्हातान्हात दिवसभर उभी असतात, महिन्याचं टार्गेट डोक्यावर असतं. पण त्याने दुसऱ्या कंपनीचा फोन दाखवायचा म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय. म्हणून आधी सरळ विचारा, "तुम्ही दुकानाचे की कंपनीचे?" कंपनीचा असेल तर त्याच्याकडून त्या एका फोनची सगळी माहिती घ्या, ती त्याला सगळ्यात चांगली असते, आणि तुलनेसाठी गल्ल्यावरच्या मालकाकडे जा. मालकालाही स्कीम असते: अमुक मॉडेलचे इतके नग काढले की जास्तीचं मार्जिन, कधी सहलीचं तिकीट. "हा चालतोच नाही, सोडा" असं तुमच्या पसंतीच्या मॉडेलबद्दल ऐकलं, तर का चालत नाही ते विचारा. खरं कारण असेल तर तो सांगेल: डिस्प्ले लवकर जातो, पार्ट मिळत नाहीत. नुसतं "चालत नाही" असेल, तर मार्जिन कमी आहे एवढंच समजा.

डब्यावरची एमआरपी आणि चालू भाव यांत तीन-चार हजारांचा फरक सर्रास असतो, त्यामुळे "पस्तीस टक्के सूट" याला काही अर्थ नाही. एका ठिकाणचा विक्रीचा भाव दुसरीकडच्या विक्रीच्या भावाशीच ताडून पाहा, आणि बँकेच्या कार्डाची सवलत वगळून. ती सवलत ठरावीक क्रेडिट कार्डावर असते, ते आपल्याकडे नसेल तर तो भाव आपला नाही.

ऑनलाइनचा भाव बहुधा कमी असतो हे मान्य. तिथे घेताना विक्रेत्याचं नाव वाचा, डबा डिलिव्हरी देणाऱ्यासमोर उघडायची सोय असेल तर तीच निवडा, आणि उघडतानाचा व्हिडिओ काढा. फोनच्या बाबतीत "परत घेऊ" म्हणजे पैसे परत असं नसतं. दोष निघाला तर बदलून मिळतो, तोही मोजक्या दिवसांत, आणि बऱ्याचदा आधी सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन दोष सिद्ध करावा लागतो. फक्त ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या मॉडेलांवरून छोटे दुकानदार वर्षानुवर्षं तक्रार करत आहेत. जानेवारी २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला, त्यात मोबाइलची अशी राखीव विक्री हा मुद्दा होता.

माझं स्वतःचं मत विचाराल तर: स्वतःसाठी घेताय आणि फोनची माहिती आहे, तर ऑनलाइन घ्या. गावाकडच्या आईवडिलांसाठी घेताय, तर चार-पाचशे रुपये जास्त देऊन त्यांच्या जवळच्या दुकानातून घ्या. तो दुकानदार जुन्या फोनमधले नंबर आणि फोटो नव्यात घालून देतो, मराठी कीबोर्ड लावून देतो, आणि सहा महिन्यांनी "आवाज येत नाही" म्हणून आई गेली तर चुकून दाबलेलं बटण सोडवून देतो. हे काम तुम्ही पुण्या-मुंबईतून फोनवर बोलून करू शकणार नाही. भाव करताना ऑनलाइनचा भाव दाखवा, आणि अगदीच उतरत नसेल तर कव्हर आणि स्क्रीन गार्ड त्यातच मागा.

पायरी ७: हप्त्यावर घेत असाल तर

"झिरो टक्के" हा शब्द ऐकला की कागद मागा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते कुठेतरी लपवलेलं असतं. साधी कसोटी अशी: "रोख दिले तर कितीला?" असं आधी विचारा. रोखीने ११,२०० आणि हप्त्याने दोन हजारांचे सहा हप्ते, म्हणजे आठशे रुपये व्याज. त्यावर प्रोसेसिंग फी असते, फीवर जीएसटी असतो. कधी न सांगता विमा किंवा "प्रोटेक्शन प्लॅन" जोडलेला असतो, तो नको असेल तर सही करण्याआधीच काढायला लावा. हप्ता चुकला तर फोन लॉक होईल अशी अट आहे का, तेही विचारा. हंगामावर पैसे येणाऱ्या घरांत एखादा हप्ता पुढे-मागे होतोच, आणि नेमका तेव्हा फोन बंद पडला तर मुलांचा अभ्यास आणि घरचे व्यवहार दोन्ही अडतात.

पायरी ८: डबा उघडताना

सील तुमच्यासमोर तुटलं पाहिजे. फोन सुरू झाला की *#०६# दाबा, आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा पंधरा आकडी ओळख क्रमांक, दिसेल. तो डब्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळवा. बिल जीएसटीचंच घ्या, त्यावर आयएमईआय लिहून आणि शिक्का मारून. मोबाइलवर १८ टक्के जीएसटी भावात धरलेलाच असतो, "बिल हवं तर जास्तीचे लागतील" हे ऐकून घेऊ नका.

जुना फोन घेत असाल, तर पैसे देण्याआधी के-वाय-एम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून आयएमईआय लिहून १४४२२ वर एसएमएस करा. "ब्लॅकलिस्टेड", "डुप्लिकेट" किंवा "आधीच वापरात" असं उत्तर आलं तर तो फोन हातातही धरू नका. बिलावरची आयएमईआयची नोंद फोन चोरीला गेल्यावरही कामी येते: पोलिसांत तक्रार द्या, सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर आयएमईआय बंद करा, तो फोन देशात कुठल्याही सिमवर चालत नाही. ही व्यवस्था सुरुवातीला सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्र, गोवा आणि शेजारच्या केंद्रशासित भागांत लागू झाली, २०२३ मध्ये देशभर. म्हणून डबा आणि बिल टाकू नका, कपाटात ठेवा.

पायरी ९: घरी आल्यावर पहिला तास

सवलतीत मिळालेल्या फोनचे उरलेले पैसे फोनमधल्या जाहिरातींतून वसूल होतात, आणि ते बऱ्याच अंशी थांबवता येतं. सुरुवातीच्या पडद्यांवर "सहमत" दाबत सुटू नका. "वैयक्तिक जाहिराती" आणि "सूचना सुधारण्यासाठी माहिती पाठवा" अशा ओळींवरच्या खुणा काढा. रेडमी-पोकोमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन जाहिराती दाखवणाऱ्या "एमएसए" नावाच्या सेवेची परवानगी काढून टाका, दहा सेकंद थांबायला लावतं, थांबा. ओप्पो, रियलमी, विवोमध्ये "हॉट अ‍ॅप्स", "हॉट गेम्स" अशी कप्प्यांची जोडी दिसली तर ती बंद करा आणि कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅप दुकानाच्या नोटिफिकेशन बंद करा. लॉक स्क्रीनवर रोज नवं चित्र आणि खाली बातमी येत असेल, तर तीही सेटिंगमधून जाते. नको ती गेम आणि खरेदीची अ‍ॅप्स काढून टाका. आईवडिलांच्या फोनवर हे केल्याशिवाय फोन त्यांच्या हाती देऊ नका, कारण त्या चित्रावर चुकून बोट लागलं की कुठलं पान उघडतं आणि कुठल्या कर्जाच्या जाहिरातीवर "होय" दाबलं जातं ते त्यांना कळत नाही.

मग भाषा मराठी करा, अक्षरं एक पायरी मोठी करा, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा.

वॉरंटी फोनला एक वर्ष आणि चार्जर-केबलला बहुधा सहा महिने असते. फुटलेली स्क्रीन आणि पाण्यात पडलेला फोन तिच्यात बसत नाही. काही कंपन्यांच्या संकेतस्थळावर सुट्या भागांचे भाव असतात, फोन घेण्याआधीच तिथे डिस्प्लेचा भाव आणि आपल्या जिल्ह्यातलं सर्व्हिस सेंटर पाहून ठेवा. आठ हजारांच्या फोनचा डिस्प्ले अडीच हजारांचा असेल, तर चांगलं कव्हर पहिल्याच दिवशी घ्यायचं. सर्व्हिस सेंटरला फोन देताना जॉबशीट, म्हणजे फोन दुरुस्तीला घेतल्याची पावती, मागा, त्यावर दोष तुमच्या शब्दांत लिहून घ्या. वॉरंटीत असून टाळाटाळ झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. फोन लावताना बिल आणि जॉबशीट समोर ठेवा, पहिल्या दोन मिनिटांत तेच विचारतात.